पंपाची बॅटरी मरत नाही, आपण तिला उपाशी ठेवतो



कपाशीच्या फवारण्या संपल्या. पंप धुऊन गोठ्यात टांगला असेल. पण बॅटरी चार्ज केली का?

पावसाळा लागला की तक्रार ठरलेली: "बॅटरी भंगार निघाली, दोन टाक्यांतच बसते." माझं स्पष्ट मत आहे, बहुतेक वेळा दोष बॅटरीचा नसतो, ती उतरलेली ठेवून देण्याचा असतो. लेड-ॲसिड बॅटरी रिकामी पडून राहिली की आतल्या प्लेटांवर सल्फेटचा कडक थर धरतो. मग कितीही चार्जिंग करा, पहिली ताकद येत नाही. मोबाईलसारखं "संपली की लावू" इथे चालत नाही.

म्हणून:
▪️ फवारणी झाली की त्याच दिवशी चार्जिंगला लावा. पंप मंदावला की ओढत बसू नका.
▪️ ठेवताना फुल चार्ज, स्विच बंद. पुढे महिन्यातून एकदा चार्ज.
▪️ मीटर असेल तर चार्जर काढून काही तासांनी बघा. 12.7 व्होल्ट किंवा जास्त म्हणजे भरलेली, 12.2 च्या आसपास म्हणजे निम्मी.
▪️ पंपाची बॅटरी सीलबंद असते, ती उघडून पाणी घालू नका. ट्रॅक्टरच्या पाणी घालायच्या बॅटरीत फक्त डिस्टिल्ड वॉटर. बोअरचं क्षाराचं पाणी नको.

"नवी आणू" म्हणणं सोपं आहे. पण नवीही अशीच टांगली तर पुढच्या हंगामात तेच रडगाणं. आणि अळी काही आपल्या बॅटरीसाठी थांबत नाही.

आज लाईट आली की पहिलं काम हेच करा.