फळ्यावरचे त्याला दिसते का?

‘अभ्यासात लक्ष नाही’, ‘धांदरट आहे’, ‘खेळायला नको म्हणतो’ असे शिक्के मुलांवर सहज बसतात. त्यातल्या काहींना मुळात दिसतच कमी असते. मूल मात्र तक्रार करत नाही. लहानपणापासून जग अंधूकच पाहिले असेल, तर सगळ्यांना असेच दिसते, अशी त्याची समजूत असते.

फळ्यावरचे वाचता येत नाही म्हणून ते शेजारच्या वहीत डोकावते आणि बोलणी खाते. चेंडू वेळेवर दिसत नाही म्हणून खेळातून अंग काढून घेते. हळूहळू एकटे पडते. यातील अनेकांची गरज असते ती फक्त योग्य नंबरच्या चष्म्याची.

एकाच डोळ्याला जास्त नंबर किंवा तिरळेपणा असेल, तर मेंदू त्या डोळ्याचे चित्र नाकारू लागतो. हा ‘आळशी डोळा’. दुसऱ्या डोळ्यावर काम भागते, त्यामुळे घरात कळत नाही. सात-आठ वर्षांच्या आत उपचार झाले तर नजर चांगली सुधारते. पुढे ते अवघड होत जाते. तिरळेपणा भाग्याचा मानणे किंवा चष्म्यामुळे मुलीचे लग्न अडेल म्हणून तपासणी टाळणे, ही किंमत मूल आयुष्यभर मोजते.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला. त्याच्या पथकांनी अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासणी करायची असते. अंधत्व नियंत्रण कार्यक्रमातून शाळकरी मुलांना मोफत चष्म्याची तरतूद आहे. तरीही सातारा-सांगलीत ऊसतोड मजुरांची मुले या जाळ्यातून सहज निसटतात. दिवाळीच्या सुमारास बीडकडच्या टोळ्या कृष्णाकाठच्या कारखान्यांवर येतात. जतसारख्या दुष्काळी तालुक्यातील कुटुंबेही कोयता घेऊन बाहेर पडतात. पथक गावच्या शाळेत पोचते तेव्हा मूल फडात असते आणि फडाजवळच्या शाळेच्या पटावर त्याचे नाव नसते.

म्हणून हंगाम सुरू होताच पथकांनी कोप्यांवर जायला हवे. टोळीत मुले किती, हे मुकादमाला माहीत असते. कारखान्यांनी जागा व वाहन द्यावे. चष्मा टोळी परतण्याआधी मुलाच्या हाती पडावा.

चष्म्याने न सुधारणाऱ्या नजरेलाही वाटा आहेत. भिंग, मोठी अक्षरे, ब्रेल यांच्या आधारे मूल शिकू शकते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. त्याला घरी बसवणे हा त्यावरचा उपाय नव्हे.

पालकांनी मुलाचा एकेक डोळा झाकून समोरचे कॅलेंडर वाचायला सांगावे; अक्षरे न येणाऱ्याला चित्रे ओळखायला लावावीत. एका बाजूने अडखळले, किंवा एकच डोळा झाकू देत नसेल, तर थेट सरकारी दवाखाना गाठावा. मात्र अडखळले नाही तरी शाळेत घालण्यापूर्वी एकदा डोळे तपासून घ्यावेतच.