आईच्या अक्षरातल्या वह्या

रक्ताच्या कर्करोगावर उपचार चालू असलेल्या मुलाच्या घरी रात्री जेवणं उरकली की एक काम हटकून निघतं. वर्गातल्या कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेले वह्यांचे फोटो बोटांनी मोठे करून आई, नाहीतर थोरली बहीण, ते कोऱ्या वहीत उतरवायला बसते. गाळलेल्या जागा भरा, जोड्या लावा, कारणे लिहा. मूल कधीच झोपलेलं असतं. ‘घाई नाही, पण तेवढ्या वह्या पूर्ण करून द्या,’ असं शाळेने सांगितलेलं असतं. यथावकाश वह्या पूर्ण होतात, बाई लाल शाईने सही करतात आणि मुलाला त्यातलं काहीही येत नसतं.

हा एक मार्ग. दुसरा मायेचा : ‘अभ्यासाचं नंतर बघू, आधी बरा हो.’ ऐकायला छान, पण हिशेबात न बसणारा. अ‍ॅक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया हा मुलांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग. त्याचे उपचार साधारण दोन ते अडीच वर्षं चालतात. श्रीमंत देशांत अशा दहातली जवळपास नऊ मुलं आज वाचतात आणि आपल्याकडच्या मोठ्या केंद्रांतही उपचार पुरे करणारी बरीच मुलं बरी होऊन घरी जातात. म्हणजे चौथीत आजारी पडलेलं पोर सहावी-सातवीत पुन्हा बाकावर बसणार आहे. डॉक्टर हे धरूनच चालतात. शाळांच्या वागण्यात मात्र ते दिसत नाही.

वह्या उतरवण्याचा हट्ट किती निरर्थक आहे, हे मुलाच्या हाताकडे पाहिलं तरी कळावं. या उपचारांत व्हिन्क्रिस्टीन नावाचं औषध वारंवार दिलं जातं. त्याने हातापायांच्या नसांवर परिणाम होतो. बोटांना मुंग्या येतात, पकड सैल पडते. शर्टाची गुंडी लावताना झटापट करणाऱ्या मुलाने दोन पानं सुवाच्य अक्षरात लिहावीत, ही अपेक्षाच चुकीची. शिवाय स्टेरॉइडच्या दिवसांत चेहरा सुजतो, भूक खवळते, चिडचिड वाढते. मज्जारज्जूच्या पाण्यात दिली जाणारी औषधं आणि काहींना मेंदूवर घ्यावं लागणारं रेडिएशन यांमुळे पुढे एकाग्रता, कामाचा वेग आणि गणित यांत अडचणी येऊ शकतात. हे आळसाचं लक्षण नाही, हे वर्गशिक्षकाला ठाऊक हवं. बहुतेकांना ते कुणी सांगितलेलंच नसतं. डिस्चार्ज कार्डावर औषधांची यादी असते, शाळेसाठी चार ओळी नसतात.

मग घरी करायचं काय? करायचं ते फारच थोडं, पण नेमकं. ज्या विषयात एक पायरी निसटली की पुढची चढताच येत नाही, तो आधी. अपूर्णांक कळले नाहीत तर गुणोत्तर नाही, गुणोत्तर नाही तर शेकडेवारी नाही, आणि शेकडेवारीवाचून सरळव्याज म्हणजे नुसतं सूत्राचं पाठांतर. म्हणून गणित रोज, पण पंधरा-वीस मिनिटं. डोस झाल्यानंतरचे वाईट दिवस सोडून. उदाहरणं तोंडी सोडवली तरी चालतील, लिहायचं काम आईचं. दुसरं वाचन. चौथीचं शिवछत्रपतींचं पुस्तक पडल्या पडल्या ऐकायला उत्तम. आजी-आजोबांनी रोज एक पाठ वाचून दाखवला तर तोच अभ्यास. बालभारतीची पुस्तकं संकेतस्थळावर फुकट मिळतात, त्यामुळे परगावी दप्तर वाहून न्यायचीही गरज नाही. बाकीचे विषय खुशाल मागे राहू द्यावेत. जिल्ह्यातल्या नद्यांची नावं नंतरही पाठ होतात.

पण हे सगळं आईवडिलांच्याच गळ्यात का मारायचं, हा खरा प्रश्न आहे. विदर्भ-खानदेशातून उपचारांसाठी मुंबईत परळला आलेलं कुटुंब धर्मशाळेत जागा शोधतं, रक्तदाते शोधतं, योजनेच्या कागदांसाठी रांगा लावतं. त्यांनीच शिक्षकही व्हायचं? मुंबईत काही संस्थांनी हे ओळखलं. २००६मध्ये सुरू झालेली सेंट ज्यूड चाइल्डकेअर सेंटर्स अशा कुटुंबांना मोफत राहायला जागा देतात आणि मुलांच्या शिकण्याकडेही बघतात. कॅनकिड्स संस्थेची कॅनशाळा तर खास या मुलांसाठीच आहे. कौतुक करावं तेवढं थोडं. तरी मुंबई सोडून गावी परतलेल्या मुलाला त्यांचा काय उपयोग?

कायद्यात शोधायला जावं तर तिथे भोक आहे. शिक्षण हक्क कायद्यात २०१२मध्ये दुरुस्ती होऊन घरी राहून शिकण्याचा पर्याय आला, तो बहुविकलांग आणि तीव्र अपंगत्व असलेल्या मुलांसाठी. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या २१ प्रकारांत थॅलेसेमिया, हिमोफिलिया आणि सिकलसेल आहेत; कर्करोग नाही. यादीत नाव असूनही फार फरक पडतो असं नाही. थॅलेसेमियाच्या मुलाला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं, म्हणजे शाळा तुकड्या-तुकड्यांनी बुडते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. गडचिरोली-नंदुरबारकडे आश्रमशाळेतल्या सिकलसेलच्या मुलीला वेदनांचा झटका आला की तिला घरी पाठवतात; तिचं शिक्षण वसतिगृहातल्या पत्र्याच्या पेटीत राहतं.

सरकारला हे जमणार नाही, असं म्हणायला जागा नाही. २०२०मध्ये सगळ्या राज्याचीच मुलं घरात अडकली, तेव्हा आधीपासून असलेलं दीक्षा अ‍ॅप कामाला आलं, फोनवर रोजची अभ्यासमाला आली, सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ आलं. त्यात त्रुटी होत्या. ज्या घरात एकच फोन, तो बापाबरोबर कामावर जात असे. पण बाई आठवड्यातून एकदा फोन करून पाढे म्हणवून घेत होत्या, हेही तेव्हाच घडलं. शाळांची दारं उघडली आणि ती सोय अंथरुणावर असलेल्या मुलांसाठीसुद्धा गुंडाळली गेली.

इंग्लंडमध्ये मूल आजारपणामुळे १५ किंवा अधिक दिवस शाळेला मुकणार हे स्पष्ट झालं, की त्याच्या शिक्षणाची सोय करणं ही स्थानिक प्रशासनाची जबाबदारी ठरते. आपल्याकडे घरोघरी शिक्षक पाठवणं परवडणार नाही, मान्य. एक शिक्षक नेमून देणं परवडेल. आठवड्याला एक फोन, त्यात या आठवड्याचं नेमकं एक गणित आणि एक पाठ, शिवाय वर्गात कांजिण्यांची साथ आली तर आधी कळवणं. कारण प्रतिकारशक्ती घटलेल्या मुलाच्या ती जिवावर बेतू शकते. समग्र शिक्षा योजनेतले विशेष शिक्षक दिव्यांग मुलांच्या घरी जातातच, त्यांच्या यादीत दीर्घ आजारी मुलांची नावं घालायला एक शासन निर्णय पुरेल.

आता तर तो तातडीने हवा. २०२३मध्ये राज्याने नियम बदलून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा परत आणली. अनुत्तीर्ण झालेल्यांना पुन्हा एक संधी मिळते, तीही हुकली तर मूल त्याच वर्गात. केमोथेरपी चालू असलेल्या मुलाने ती संधी कुठल्या महिन्यात घ्यायची, हे त्याचे डॉक्टर ठरवतील की वेळापत्रक? रुग्णालयाच्या दाखल्यावर अशा मुलांना लेखी परीक्षेतून सूट मिळावी, तोंडी मूल्यमापन घरी किंवा फोनवर व्हावं आणि वह्यांच्या पूर्ततेचे गुण त्यांना लागू नसावेत, एवढं शिक्षण विभागाने शाळा सुरू होण्याआधी लेखी कळवलं, तर मुख्याध्यापकांनाही ‘वरून आदेश नाही’ म्हणायची वेळ येणार नाही.