निधी गावाचा, आराखडा कोणाचा?



वित्त आयोगाचा पैसा म्हणजे कोणा पुढाऱ्याचे उपकार नव्हेत. २४ एप्रिल १९९३ ला ७३ वी घटनादुरुस्ती अमलात आली. आर्थिक विकासाचे आराखडे पंचायतींकडे सोपवण्याची तरतूद तिने केली. पंधराव्या आयोगाने २०२१-२२ ते २०२५-२६ साठी ६० टक्के निधी पाणी आणि स्वच्छतेला बांधला, ४० टक्के मोकळा ठेवला. पगार व आस्थापना सोडून अकराव्या अनुसूचीतल्या २९ विषयांपैकी गावाला जे लागेल ते त्यातून करता येते. त्या यादीत पहिलाच विषय शेतीचा आहे.

आणि गावोगाव काय झाले? कमान, पेव्हर ब्लॉक, सभामंडप.

सरपंचाला शिव्या देऊन भागणार नाही. पेव्हर ब्लॉकचे अंदाजपत्रक तालुक्याला तयार मिळते, ठेकेदारही तयार असतो. वेगळे काम सुचवले की अंदाजपत्रक नव्याने करा, तांत्रिक मान्यतेसाठी अभियंत्यामागे फिरा, आराखडा ई-ग्रामस्वराजवर चढवा, देयकाला सरपंच-ग्रामसेवक दोघांची डिजिटल सही लावा. ग्रामसेवकाकडे दोन-तीन गावे. तो सोपे काम धरणारच. शिवाय मागल्या वर्षाचा हिशेब आणि त्याआधीच्या वर्षाचा तपासलेला हिशेब ऑनलाइन नसेल तर निधीच अडतो.

आता आपली गरज पाहा. कापसात ८ टक्क्यांपेक्षा जास्त ओलावा असेल तर सीसीआय भाव कापते, १२ च्या वर गेला की गाडी परत. पहिल्या वेचणीचा दवाने भिजलेला कापूस घरात कोंबायचा, नाहीतर खेडा-खरेदीवाल्याच्या काट्यावर घालायचा. हमीभाव कागदावर राहतो. खरिपाच्या ज्वारीचे तेच. काढणीला पाऊस आला की दाणा काळा पडतो आणि व्यापारी तोंड वाकडे करतो. छप्पर असलेले एक पक्के सार्वजनिक खळे आणि पंचायतीत ओलावा मोजायचे एक यंत्र असले, तर निदान आपला माल किती ओला आहे हे गाडी भरण्याआधी आपल्याला कळेल. कमानीपेक्षा हे काम फार महाग नाही.

खळ्याने भावाचा प्रश्न सुटतो असे आम्ही म्हणत नाही. अनुदानाने शेतकरी उभा राहात नाही, हे आम्ही वीस वर्षे सांगतो आहोत. पण जो पैसा गावाच्या नावाने येतोच आहे, तो ठेकेदाराच्या सोयीने का खर्चावा?

आमची मागणी साधी आहे. दहा-बारा गावांमागे अंदाजपत्रक व हिशेब जाणणारा एक माणूस पंचायत समितीने द्यावा, आणि त्याचा पगार शासनाने करावा, कारण या निधीतून पगार देता येत नाही. तोवर गावातल्या कृषी पदविकाधारक आणि वाणिज्य शिकलेल्या मुलामुलींनी हे काम अंगावर घ्यावे. खळ्याचा नमुना आराखडा आम्ही करून देऊ. भाडे किती, झाडलोट कोणाची, पाळी कशी लावायची, हे मात्र गावानेच ठरवायचे. नाहीतर दुसऱ्या वर्षी तिथे कोणाची तरी गुरे बांधलेली दिसतील.

एप्रिल २०२६ पासून सोळाव्या आयोगाचा काळ आहे. जिल्हा बैठकीला येताना आपल्या पंचायतीच्या मंजूर आराखड्याची प्रत आणावी. ग्रामसेवक देत नसेल तर माहितीच्या अधिकारात अर्ज करून त्याची पोच आणावी.