ट्रेंटनच्या मातीतील विष आणि वारसा
न्यू जर्सीतील ट्रेंटन हे एकेकाळी अमेरिकेच्या चिनीमाती उद्योगाचे प्रमुख केंद्र होते. १८८९ मध्ये येथे स्थापन झालेला कारखाना पुढे ‘लेनॉक्स’ म्हणून नावारूपाला आला. १९१८ मध्ये व्हाइट हाउसला अमेरिकी बनावटीचा पहिला भोजनसंच त्यानेच पुरवला. कालांतराने भट्ट्या विझल्या. झिलईतील शिसे मात्र पूर्व ट्रेंटनच्या अंगणांत मुरले. २०२५ मध्ये हा परिसर ‘हिस्टॉरिक पॉटरीज’ या नावाने संघीय ‘सुपरफंड’ यादीत समाविष्ट झाला. दूषित माती उपसली जाईल, तेव्हा कारागिरांच्या श्रमांची साक्ष देणारी खापरेही तिच्यासोबत जातील. मुलांचे आरोग्य निर्विवादपणे अग्रस्थानी असावे. तथापि उपशापूर्वी भट्ट्यांचे अवशेष नोंदवणे हा शुद्धीकरणाचाच भाग मानला पाहिजे. विष कोठून आले, हेही तीच नोंद सांगेल.