आधी गेम, मग मशीन

"थ्री गिगाहर्ट्झ आहे रे! डूम काय, डूमचा बापपण पळेल!"

गेल्या गॅदरिंगच्या आधी आमच्या विंगमध्ये हे वाक्य कुणीतरी टाकलं आणि चौघांचे पैसे पाण्यात गेले. ते कुणीतरी म्हणजे मीच, हे आधीच कबूल करतो.

ठरलं असं होतं की गॅदरिंगच्या स्टॉलवर एक अस्सल जुना गेमिंग पीसी लावायचा. त्यावर डूम (१९९३), रोड रॅश (पीसीवर १९९६) आणि नीड फॉर स्पीड टू एसई (१९९७). ज्या गेम्सपायी आपल्या दादा-ताईंनी घरी बोलणी खाल्ली ते गेम्स, तसल्याच जाडजूड मॉनिटरवर. कॉन्ट्री काढली, जुन्या बाजारात गेलो आणि एक पेंटियम फोर उचलून आणला. का? तर तिथे जे काही मिळत होतं त्यात तो सगळ्यात फास्ट होता.

रूमवर आणून उघडला. एका सीनियरने प्रेमाने दिलेलं साउंड ब्लास्टर १६ हातात घेऊन आम्ही स्लॉट शोधायला लागलो. स्लॉटच नव्हता! ते कार्ड आयएसए स्लॉटचं आणि आमच्या बोर्डवर नुसते पीसीआय आणि एजीपी. डूम चालू झाला, पण मुका. स्टॉलवर बंदुकीचा आवाज माझा रूममेट तोंडाने काढत होता. लोक हसले, आम्हीही हसलो. पण रात्री हिशोब करताना हसू आलं नाही.

तेव्हापासून माझं एक ठाम मत झालंय. जुना पीसी बांधताना आपण नव्या पीसीचा नियम लावतो आणि तिथेच फसतो. नव्या पीसीत जेवढं जास्त तेवढं बरं. जुन्यात मात्र "पुरेसं" किती हे आधी ठरवावं लागतं, आणि ते ठरवतो गेम.

आता तुम्ही म्हणाल, फास्ट असला तर बिघडतं कुठे? बिघडतं. डॉसच्या काळात गेम थेट हार्डवेअरशी बोलायचा, मध्ये कुणी दलाल नाही. आवाज हवा तर गेम सरळ साउंड ब्लास्टरच्या २२० नंबरच्या पोर्टवर डेटा टाकणार. तिथे ते कार्ड नसेल, किंवा त्याची नक्कल करणारं काही नसेल, तर शांतता. वेगाचंही तेच. विंग कमांडर (१९९०) सारखा गेम प्रोसेसरच्या वेगावरच चालतो. फास्ट मशीनवर लढाई सुरू झाली हे कळायच्या आत आपण मेलेले असतो. म्हणून तर त्या वेळच्या कॅबिनेटवर टर्बोचं बटण असायचं. नावात टर्बो, पण खरा उपयोग मशीन हळू करण्याचा!

सगळ्यात भारी उदाहरण टर्बो पास्कलचं. त्याच्या सीआरटी युनिटमध्ये वेळ मोजायला एक साधा लूप आहे. टायमरच्या एका टिकमध्ये, म्हणजे साधारण ५५ मिलिसेकंदात, लूप किती वेळा फिरला ते मोजायचं आणि ५५ ने भागायचं. साधारण २०० मेगाहर्ट्झच्या पुढच्या प्रोसेसरवर लूप इतका फिरतो की भागाकाराचं उत्तर १६ बिटांत मावतच नाही. मग "रनटाइम एरर २००" आणि प्रोग्राम बंद. उद्याचं मशीन किती फास्ट असेल याचा विचार न केल्याची ही शिक्षा. आपणही रोज असाच कोड लिहितो, म्हणून हे सांगतोय.

तर मग निवड कशी करायची? उलटं चालायचं. आधी गेम्सची यादी. त्यावरून साल. सालावरून कार्ड्‌स. कार्ड्‌सवरून स्लॉट, स्लॉटवरून मदरबोर्ड. प्रोसेसर सगळ्यात शेवटी. आमच्या तीन गेम्ससाठी उत्तर निघतं ते इंटेलच्या ४४०बीएक्स चिपसेटचं. १९९८ चा हा चिपसेट. त्याच्या बहुतेक बोर्ड्‌सवर आयएसए, पीसीआय आणि एजीपी, तिन्ही स्लॉट एकत्र मिळतात. त्यावर ४००-५०० मेगाहर्ट्झचा पेंटियम टू किंवा थ्री, आणि विंडोज ९८. फारच जुना गेम पळायला लागला, तर बायोसमध्ये जाऊन कॅश बंद करायची, मशीन आपोआप म्हातारं होतं.

रॅम १२८ एमबी भरपूर झाली. इथेही हावरेपणा नको, कारण ५१२ एमबीच्या पुढे गेलात की विंडोज ९८ सेटिंग बदलल्याशिवाय कुरकुर करायला लागतं. नीड फॉर स्पीड टू एसईला थ्रीडी हवं असेल तर थ्रीडीएफएक्सचं व्हूडू कार्डच लागतं. त्याच्यानंतर आलेली कितीही ताकदवान कार्ड्‌स इथे कामाची नाहीत, कारण तो गेम त्यांची ग्लाइड ही एकच भाषा बोलतो. व्हूडू टू मिळालं तर लक्षात ठेवा, ते फक्त थ्रीडी करतं, शेजारी साधं टूडी कार्ड लागतंच. मॉनिटर जुना सीआरटीच बघा. डूमचं चित्र ३२० बाय २०० चं, पण ४:३ पडद्यावर बसेल असं काढलेलं. रुंद एलसीडीवर ताणलं की सगळे राक्षस जाडे दिसतात.

विकत घेण्याआधी कपॅसिटर फुगलेत का बघा, आणि जुना एसएमपीएस बोर्डला लावण्याआधी मल्टिमीटरने तपासा. सीआरटी मात्र उघडायचा नाही. आत वीस हजार व्होल्टच्या वर दाब असतो आणि बंद केल्यावरही तो लगेच जात नाही.

माझे काही मित्र म्हणतात, एवढा खटाटोप कशाला? लॅपटॉपवर डॉसबॉक्स टाका आणि खेळा! शंभर टक्के बरोबर. नुसतं खेळायचं असेल तर तेच करा, मीही करतो. खरं मशीन त्यानेच बांधावं ज्याला बघायचंय की आयआरक्यू म्हणजे काय, आणि दोन कार्ड्‌सनी एकच आयआरक्यू मागितला की काय होतं. मायक्रोप्रोसेसरच्या पेपरला आपण हे पाठ करतो. जंपर हलवून कधी बघितलंय कुणी?

आणि एक गोष्ट. हे बोर्ड आता कुणी नवीन बनवत नाही. जे आहेत तेवढेच. आपल्या कॉलेजात जुनी मशीन्स निघतात तेव्हा ती वजनावर मोजली जातात. एका किलोत ४४०बीएक्स आहे की आणखी काही, हे कोण बघणार? स्टाफला एवढीच विनंती, मशीन्स रिसायकलला जाण्याआधी एक दिवस आम्हाला द्या. आम्ही यादी करतो, चालणारी दोन-तीन लॅबसाठी बाजूला काढतो, बाकीची खुशाल जाऊ देत. आणि मित्रांनो, त्यातून आपल्याला लागेल तेवढंच उचलूया. ज्या गेमला पेंटियम वन पुरतो त्याच्यासाठी पेंटियम थ्री अडवून ठेवला, तर पुढच्या बॅचला काय उरणार?

असो. आमच्या त्या पेंटियम फोरचं काय झालं? तो कॉमन रूममध्ये आहे. २००३ चा व्हाइस सिटी त्यावर आवाजासकट मस्त चालतो. मशीन बिचारं चांगलंच होतं, काम आम्ही चुकीचं दिलं होतं.