फॉलिक ॲसिडची गोळी दिवस जाण्याआधी मिळावी : एक निवेदन

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, हिंगोली
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हा परिषद, हिंगोली

विषय : मज्जानलिकेचे जन्मजात दोष टाळण्यासाठी गर्भधारणेपूर्वी फॉलिक ॲसिड पुरविण्याबाबत.

महोदय,

बाळ पाठीवर गाठ घेऊन जन्मते. गाठीवरची कातडी इतकी पातळ, की हात लावायला भीती वाटावी. बऱ्याचदा पायांत बळ नसते, लघवीवर ताबा राहत नाही, पुढे डोक्यात पाणी साठते. घरात मात्र चर्चा सुरू होते ती ग्रहणाची. बाईने ग्रहणात विळीवर भाजी चिरली असणार, असे म्हणून सगळा दोष आईच्या माथी मारला जातो. ग्रहणाचा याच्याशी काडीचाही संबंध नाही. कारणे अनेक आहेत. त्यांतले सर्वांत सहज टाळता येणारे म्हणजे फोलेट या जीवनसत्त्वाची कमतरता.

अडचण वेळेची आहे. ज्या नलिकेतून मेंदू आणि मज्जारज्जू घडतात, ती गर्भधारणेपासून 28 दिवसांत मिटते. तेव्हा पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात आणि कित्येकींना दिवस गेल्याचे कळलेलेही नसते. तिसऱ्या महिन्यात नाव नोंदवून मिळालेल्या गोळ्या रक्तवाढीला उपयोगी पडतात, पण मज्जानलिकेसाठी त्या उशिराच्याच.

पुण्यातील संशोधकांचा सहभाग असलेला, देशभरच्या अभ्यासांचा आढावा 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात हजार जन्मांमागे सुमारे 4 बाळांत हे दोष आढळले. जिल्ह्यात वर्षाला 15 हजार बाळंतपणे धरली, तर हा आकडा 60 घरांपर्यंत जातो.

उपाय मात्र 1991 सालीच सिद्ध झाला आहे. आधीच्या बाळात दोष असलेल्या मातांना ब्रिटिश संशोधकांनी गर्भधारणेपूर्वीपासून रोज 4 मिलिग्रॅम फॉलिक ॲसिड दिले, आणि दोष पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण 72 टक्क्यांनी घटले. इतर स्त्रियांना रोज 400 मायक्रोग्रॅम पुरतात. ‘ॲनिमिया मुक्त भारत’च्या 2018 च्या मार्गदर्शनात गर्भधारणेआधीपासून पहिल्या तिमाहीपर्यंत हीच रोजची गोळी सांगितली आहे. म्हणजे नवे धोरण कुणी मागत नाही. कागदावरचे धोरण घरापर्यंत यावे, एवढेच मागणे आहे. मुलींना आठवड्याला मिळणाऱ्या निळ्या गोळीवर भागत नाही. तीत फॉलिक ॲसिड 500 मायक्रोग्रॅमच असते. जागतिक आरोग्य संघटनेने या दोषांसाठी आठवड्याला 2,800 मायक्रोग्रॅम सुचवले आहेत. फोर्टिफाइड तांदळावरही विसंबता येत नाही. नियमानुसार त्यात किलोमागे 75 ते 125 मायक्रोग्रॅम असतात, आणि इथले ताट भाकरीचे.

त्यातही ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्यांचा प्रश्न वेगळा आहे. आशाताईंच्या वहीत नाव गावचे, आणि बाई सहा-सहा महिने परजिल्ह्यातल्या फडावर. नवे लग्न झालेली जोडपीही याच टोळ्यांतून जातात.

म्हणून निवेदनकर्त्यांची मागणी आहे, की आशाताईंकडील जननक्षम जोडप्यांच्या यादीवरून मूल हवे असलेल्या प्रत्येक स्त्रीला 400 मायक्रोग्रॅमची गोळी घरपोच मिळावी आणि टोळी निघण्यापूर्वी पूर्ण हंगामाच्या गोळ्या हाती द्याव्यात. ज्यांच्या आधीच्या बाळात हा दोष होता, तसेच मधुमेह असलेल्या किंवा फिटची औषधे घेणाऱ्या स्त्रियांना दिवस जाण्याआधीच डॉक्टरांचा सल्ला आणि योग्य मात्रा मिळावी. 18 ते 20 आठवड्यांची सोनोग्राफी वसमत, कळमनुरी, सेनगाव आणि औंढा येथेही विनाखर्च व्हावी. मृतजन्म आणि दोषामुळे थांबवलेल्या गर्भधारणा मोजल्या नाहीत तर खरा आकडा कधीच दिसणार नाही. त्यांचीही नोंद ठेवावी.

आणि जी मुले हा दोष घेऊन आज घरात आहेत, त्यांचे काय? 2013 मध्ये पालघरमधून सुरू झालेल्या राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमाच्या आजारयादीत हा दोष पहिल्या क्रमांकावर आहे. त्यानुसार शस्त्रक्रिया, कॅथेटर आणि अपंगत्वाचा दाखला यांसाठी पालकांना खेटे घालावे लागू नयेत.

टोळ्या दिवाळीच्या सुमारास निघतात. त्यापूर्वी लेखी आदेश काढावेत, ही नम्र विनंती.

आपले विनम्र,
हिंगोली जिल्ह्यातील पालक व आरोग्य कार्यकर्ते