क्षमेआधीचा हिशेब

दीर्घकाळच्या आजाराशी झगडणाऱ्या माणसाला ‘झाले गेले विसरावे, मन मोठे करावे’ असा उपदेश आप्तेष्टांकडून नित्य ऐकावा लागतो. उपदेश खोटा नाही. मनातील सल जपत राहिल्याने झोप, आहार, औषधपाणी या साऱ्यांचीच आबाळ होते. परंतु क्षमा कोणी, कोणाला आणि कशाबद्दल करावयाची, हे या उपदेशात गृहीत धरलेले असते. कुष्ठरुग्णांच्या बाबतीत ते गृहीत धरता येत नाही.

नॉर्वेचे डॉक्टर हॅन्सन यांनी १८७३ मध्ये कुष्ठरोगाचा जंतू शोधून काढला. हा रोग म्हणजे पूर्वजन्मीच्या पातकाचे फळ, ही समजूत तेव्हाच निकालात निघावयास हवी होती. प्रत्यक्षात १८९८ च्या कायद्याने निर्धन रुग्णांना पकडून कुष्ठाश्रमात डांबण्याची सोय केली. पुढे १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बहुविध औषधोपचाराची शिफारस केली आणि रोग बरा होऊ लागला. तरीही तो कायदा रद्द होण्यास २०१६ साल उजाडावे लागले; कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण मानणाऱ्या तरतुदी तर २०१९ पर्यंत टिकल्या.

औषधाने जंतू मरतात; मज्जातंतूंची झालेली हानी मात्र बहुधा मागे उरते. बधिर तळव्याला खिळा टोचलेला कळत नाही. म्हणून अशा बऱ्या झालेल्या माणसालाही आयुष्यभर रोज पाय भिजवून, निरखून, तेल लावून, मऊ तळाची चप्पल वापरून स्वतःला जपावे लागते. ज्याला आपले शरीरच पापाचे वाटते, तो ते इतक्या ममतेने कसे जपणार? त्याला पहिली क्षमा स्वतःलाच करावयाची असते, आणि तीही न केलेल्या अपराधाबद्दल!

समाजाला क्षमा करण्याचा प्रश्न त्यानंतरचा. याबाबतीत जपानचे उदाहरण उद्बोधक आहे. तेथे सक्तीच्या विलगीकरणाचा कायदा १९९६ मध्ये रद्द झाला. २००१ मध्ये कुमामोतो येथील न्यायालयाने ते धोरण घटनाबाह्य ठरविले, तेव्हा सरकारने अपील न करता माफी मागितली आणि भरपाई दिली. एवढ्याने गेलेले आयुष्य परत येत नाही, हे खरे. परंतु माफी मागितली गेल्यामुळे ती देण्याचा अथवा नाकारण्याचा अधिकार रुग्णांच्या हाती आला. ऋण मान्य न करताच ते माफ करून घेण्याचा व्यवहार कोणत्याही खतावणीत बसत नाही. मग तो रुग्णाच्याच गळी का उतरवावा?

आपल्याकडे हे कायदे बदलले आहेत. आता उरले आहे ते घराघरांतील, शाळांतील आणि कचेऱ्यांतील वागणे. बऱ्या झालेल्या माणसाला भाड्याने खोली मिळावी, त्याच्या मुलीचे लग्न त्या एका कारणाने मोडू नये, पंगतीत त्याच्या शेजारचा पाट रिकामा राहू नये. एवढे ऋण समाजाने आधी फेडावे. क्षमेचे काय करावयाचे, हे मग त्याचे त्याने ठरवावे.